कोल्हापुरात राहायला येतोय, सगळ्या प्रकारची माणसं असलेला आणि पोरांना बरा असा भाग कोणता?

सोनचाफा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही सध्या पुण्यात, हडपसरला. नवऱ्याला शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीमध्ये नोकरी लागलीय, एप्रिलपासून जॉइन व्हायचंय. माझं काम घरून असतं, मला फक्त नेट आणि लाईट पाहिजे. मुलगी चौथीत, मुलगा चार वर्षांचा, आणि सासूबाई आमच्याबरोबर असतात, त्यांचे गुडघे पार गेलेत त्यामुळे तळमजला नाहीतर लिफ्ट. पहिलं वर्ष-दोन वर्षं भाड्यानेच राहायचं, १८ हजारापर्यंत जमेल, मग बघून घेऊ.

आता खरी गोष्ट. मी सावंतवाडीची, मराठा. नवरा मिरजेचा, मुस्लिम. लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली केलं, दोघांपैकी कुणीही काही बदललेलं नाही, घरात गणपती दीड दिवसाचा बसतो आणि ईदला शीरखुर्मा पण होतो. दोन वर्षांपूर्वी पुण्यात घर बदलताना नऊ ठिकाणी बघितलं. एजंट फोनवर माझ्याशी बोलायचे तेव्हा सगळं ठीक, मग करारासाठी नवऱ्याचं नाव सांगितलं की मालकांचा भाचा राहायला यायचा. पाचव्या की सहाव्या घरानंतर मुलीने रिक्षात विचारलं, बाबाने नाव बदललं तर मिळेल का आपल्याला घर? तेव्हा ती सात वर्षांची होती. त्यानंतर मी ठरवलं की पुढचं घर शोधताना चौरस फूट शेवटी बघायचे, आधी गल्ली बघायची.

तर मला असा भाग हवाय जिथे वेगवेगळी माणसं खरोखर एकमेकांच्या शेजारी राहतात, पोरं संध्याकाळी खाली खेळतात, आणि पावसाळ्यात पाणी घरात येत नाही. कोल्हापूरची मला नीट माहिती नाही, अंबाबाईला दोनदा आले होते तेवढीच. खरं काय ते सांगा, गोड बोलू नका.

माळावरचा:
स्वागत आहे ताई. मी आर. के. नगरला बावीस वर्षं राहतो, निवृत्त शिक्षक. आधी चांगलं सांगतो. आमचा माळ उंचावर आहे. २००५, २०१९, २०२१ तिन्ही पूर मी इथनं बघितले, आमच्याकडं पाणी आलं नाही, खालच्या पेठांतली पाव्हणीरावळी मात्र आमच्याकडं मुक्कामाला आली. वस्ती नवी आहे, चंदगडचे, गडहिंग्लजचे, राधानगरीचे, निपाणीचे, बदलीवर आलेले बँकवाले, विद्यापीठातले असे सगळे आलेत त्यामुळं 'तुम्ही मूळचे कुठले' हा प्रश्न इथं सगळ्यांनाच पडतो, एकट्या तुम्हाला पडणार नाही.

आता वाईट. पाणी. कोल्हापूरची महापालिका १९७२ साली झाली, तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही. शहर वाढलं ते गावांत वाढलं. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी ही सगळी दिसायला शहर, कागदावर ग्रामपंचायत. २०१७ ला हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं प्राधिकरण आलं, ते बांधकामाचे परवाने देतं, पण नळ काही प्राधिकरण सोडत नाही. पाचगावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसणारी माणसं मी डोळ्यानं बघितलीत. त्यामुळं घर बघायला गेलात की मालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा, पाणी किती दिवसाआड येतं आणि किती वाजता येतं. मालक 'भरपूर' म्हणतो. शेजारीण 'पहाटे साडेतीनला, मोटार लावावी लागते' म्हणते.

पूररेषा:
काकांनी पाण्याचं एक टोक सांगितलं, मी दुसरं सांगतो. मी सिव्हिलवाला आहे, हेच काम करतो.

राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले ही बातमी इथं लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखी ऐकतात, ते उगीच नाही. घर घेताना दोन रेषा बघायच्या, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. नकाशा पाटबंधारेकडं आणि महापालिकेत असतो. भाड्याने राहणारा माणूस नकाशा बघत नाही पण तुमच्याकडं सासूबाई आहेत, तळमजला पाहिजे, मग तुम्हाला बघायलाच हवा. तळमजला आणि पूर ही जोडी एकदा आली की गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता होडीत बसवायचं.

अजून एक. नदी लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी नुसतं नदीकाठानं येत नाही, ते नाल्यानं उलटं येतं. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, मागं मागं येतं आणि शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरला शिरतं. तिथनं नदी दिसत पण नाही.

शाहूपुरी_सहावी_गल्ली:
हे वरचं अगदी खरंय. २०१९ ला आमच्या हॉलमध्ये कमरेएवढं पाणी होतं. सहा दिवस पाहुण्यांकडे. परत आलो तर फ्रीज आडवा तरंगून दुसऱ्या खोलीत गेलेला आणि लग्नाचा अल्बम पूर्ण चिकटून एकच ठोकळा झालेला. पण एक सांगते ताई, तुम्ही माणसांबद्दल विचारलंत म्हणून. आम्हाला रात्री बाहेर काढलं ती पोरं कोण कुठली आम्हाला आजपण नीट माहिती नाही. एकजण सदर बाजारचा होता, दोघं तालमीतली होती, त्यांच्या तोंडातनं एकदापण आडनाव विचारलं गेलं नाही. आम्ही मात्र अजून इथंच आहोत, घर विकायचं म्हटलं तर कोण घेणार.

बावड्याचा_पोरगा:
ताई कसबा बावड्याला या की! शाहू महाराज जन्मले ते लक्ष्मी विलास पॅलेस आमच्याच बावड्यात. शिरोलीला जायाला पण बरं. माणसं रोखठोक हाईत, पयल्या आठवड्यात सगळी चौकशी करतील, कुठलं, कोण, काय, पण एकदा आपलं म्हटलं की मग लई जीव लावत्यात. लाईन बाजारात या संध्याकाळचं, हॉकीचं मैदान बघा, पोरंपोरी सगळ्या घरातली, कुणाच्या पायात बूट हाय कुणाच्या न्हाई. तुमच्या पोरीला स्टिक द्या हातात.

आता लपवून काय उपयोग, शहराचा कचरा डेपो पण आमच्याच हद्दीत हाय, वारं उलटं आलं की वास येतोय. आणि बावडा-शिये रस्त्याच्या अंगाला गेलात तर पूर येतोय. वरच्या अंगाला बघा.

एमआयडीसी_शिफ्ट:
मी शिरोलीत सेकंड शिफ्ट करतो, एकोणीस वर्षं झाली. सगळे घराच्या पाण्याचं सांगतायत, मी रस्त्याचं सांगतो. शिरोली पंचगंगेच्या पलीकडं आहे. पूर मोठा आला की हायवे बंद होतो. २०१९ ला आठवडाभर पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली होता, ट्रकांच्या रांगा लागलेल्या. म्हणजे नवरा कामावर असताना रस्ता गेला तर तो तिकडं आणि तुम्ही तिघं-चौघं इकडं. आम्ही चौघं तेव्हा कंपनीतच झोपलो होतो. हे वर्षातनं एखाद्या वेळचं आहे, दोन-तीन वर्षांतनं एखाद्या वेळचं पण असेल, त्यामुळं ह्याच्यासाठी पलीकडं टोप-नागावला राहायला जा असं म्हणत नाही, शाळा-दवाखाना सगळं इकडंच आहे. पण घराजवळ हाक मारल्यावर येणारं माणूस पाहिजे, तेवढं बघून ठेवा. रोजच्या जाण्यायेण्याला म्हणाल तर शहराची पूर्व बाजू बरी, म्हणजे टेंबलाईवाडी, विक्रमनगर, उचगाव. तिथनं तावडे हॉटेल चौकापाशी निघालं की सरळ हायवे. फुलेवाडी किंवा साने गुरुजी वसाहतीतनं रोज सकाळी अख्खं शहर ओलांडायचं म्हणजे वैताग, त्यात हायवेचं सहापदरीचं काम.

रांगडं_कोल्हापूर:
धाग्यात धर्म कशाला आणला कळलं नाही. हे शाहू महाराजांचं कोल्हापूर आहे, इथं असलं काही नसतं. कुठंही राहा, निवांत राहाल.

नाव_नको:
मी हे तीनदा लिहून खोडलं. शेवटी लिहितेच.

वरच्या दादांचा हेतू चांगला आहे, मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण 'असलं काही नसतं' असं नाही. मी मुस्लिम आहे, जन्म कोल्हापुरातला, आजोबा पण इथलेच. ७ जून २०२३ ला कुणीतरी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरनं बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद केलं होतं. त्या दिवशी मी ऑफिसात होते आणि घरी कसं जायचं कळत नव्हतं. मला न्यायला आली ती माझ्या वरच्या मजल्यावरची वहिनी, गाडीवर, तिच्या नवऱ्याचं हेल्मेट माझ्या डोक्यावर घालून. दोन्ही गोष्टी एकाच दिवशीच्या, एकाच शहरातल्या. ताई, तुम्ही खरं सांगा म्हणालात, माझं खरं हे आहे.

आणि घर भाड्याने मिळायला इथं पण त्रास होतो. पुण्यापेक्षा कमी की जास्त मला सांगता येणार नाही. फरक एवढाच वाटतो की इथं माणूस तोंडावर बोलतो, भाचा येतोय असं सांगत नाही. त्यामुळं वेळ तरी वाचतो. माझा सल्ला, एजंटला पहिल्याच फोनवर नवऱ्याचं पूर्ण नाव सांगा. जे गळायचे ते तिथंच गळतील, पोरगीला रिक्षात बसवून न्यायच्या आधी.

रांगडं_कोल्हापूर:
ताई माफ करा, मी विचार न करता लिहिलं. माझ्या गल्लीत बाराईमाम तालमीसारखं वातावरण, मोहरमला पंजे बसतात तिथं आम्ही पण जातो, २०१८-१९ ला गणपती आणि मोहरम एकत्र आले तेव्हा एकाच मांडवात दोन्ही बघितलेत, त्यामुळं मला ते सगळीकडं असंच आहे असं वाटतं. नव्या कॉलनीत काय चालतं मला माहीत नाही हे खरं.

माळावरचा:
माफी मागितलीत हे फार बरं केलंत. शाहू महाराजांचा विषय निघालाच आहे तर शिक्षक म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ते ह्या धाग्याला सोडून नाही.

महाराजांनी १८९६ ला राजाराम वसतिगृह काढलं, ते सगळ्या जातींसाठी खुलं होतं. नियमात कुणाला मज्जाव नव्हता. पण प्रत्यक्षात तिथं ब्राह्मण मुलंच भरली, बाकीच्यांना तिथं पाय टाकवेना. मग महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क. मोहमेडन एज्युकेशन सोसायटीचं अध्यक्षपद स्वतः घेतलं. दसरा चौकात उभं राहिलात तर ह्यातल्या कितीतरी बोर्डिंगं हाकेच्या अंतरावर आहेत, वेगळी पण शेजारी.

म्हणून सांगतो, 'आमच्या सोसायटीत कुणालाही चालतं' हे वाक्य ऐकून भुलू नका. राजाराम वसतिगृहातपण कुणालाही चालत होतं. दारावरच्या पाट्या वाचा. खाली लेटर बॉक्स असतात त्यावरची नावं वाचा. आधीच कुणीतरी वेगळं तिथं नांदतंय का, आणि किती वर्षं नांदतंय, ते बघा.

कापडपेठ:
नमस्कार, मी गांधीनगरचा, सिंधी, पण शाळा मराठी त्यामुळं मराठीच जास्त येतं, घरी दादी सिंधीत बोलते. आमच्या भागाचा इतिहास कोल्हापुरातल्या पण बऱ्याच लोकांना माहीत नसतो. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, जवळजवळ पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि लहान पोरं, रशियातनं हाल काढून आलेली. ते गेले आणि फाळणीनंतर त्याच बराकीत आमची माणसं आली. माझे आजोबा सांगायचे, भिंतीवर कुणाच्या तरी पोरांनी पेन्सिलनं उंची मोजलेल्या रेघा होत्या.

ताई, आमच्याकडं होलसेल कापड बाजार आहे, दिवसभर टेम्पो, गर्दी, हॉर्न. छोट्या पोरांना घेऊन राहायला बाजारपेठेच्या आत नको, बाहेरच्या अंगाला, उचगावकडं बघा. पण लग्नकार्याचं कापड घ्यायला मात्र नक्की या.

टेंबलाई_पायथा:
मी टेंबलाईवाडीत राहतो. (मी बाई आहे, आमच्या कोल्हापुरात बायका पण मी जातो, मी येतो असंच म्हणतात, तुमची पोरगी पण सहा महिन्यात म्हणायला लागेल बघा.)

आमचा भाग महापालिकेत येतो, ग्रामपंचायतीत नाही, त्यामुळं पाणी कॉर्पोरेशनचं. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ च्या दिवाळीत सुरू झाली, तरी मोटार बिघडली, गळती लागली की दोन दिवस बोंब होते, टाकी मोठी असलेली बरी. टेकडीचा पायथा असल्यामुळं पूर नाही. उड्डाणपुलावरनं उतरलं की तावडे हॉटेल, शिरोलीला सोपं. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी घेऊन सगळं कोल्हापूर टेंबलाईच्या पायऱ्यांवर ओतायला येतं, पी ढबाक वाजत असतं, तेव्हा दिवसभर गल्लीत झोप म्हणून नाही हे आधीच सांगतो, सासूबाईंना त्रास होईल.

माणसं म्हणाल तर आमच्या गल्लीत रेल्वेत असलेले दोघं, एक केएमटीचे (शहर बसचे) ड्रायव्हर, एक विजापूरकडचं कन्नड कुटुंब, दोन मुस्लिम घरं, एक ख्रिश्चन नर्स, वर एमआयडीसीतली बिहारची पोरं रूम करून. श्रीमंत कुणी नाही. भांडणं पाण्यावरनं आणि गाड्या लावण्यावरनं होतात, दुसऱ्या कशावरनं मी तरी नऊ वर्षात ऐकलं नाही. पण एक, शेजारची गल्ली सोडून पलीकडची अशी नाही. भाग बघू नका, गल्ली बघा असं तुम्हीच म्हणालाय, तेच बरोबर आहे.

घर बघायला दुपारी येऊ नका, दुपारी सगळ्या गल्ल्या सारख्याच. संध्याकाळी सहाला या. पोरं कुणाच्या घरात जाऊन पाणी पितात ते बघा. आमच्याकडं ज्याचं दार जवळ त्याच्या घरात शिरतात.

सोनचाफा:
तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मी आणि नवरा दोघांनी रात्री बसून वाचलं. 'नाव_नको', तुमचं हेल्मेटचं वाचून तो उठून बाल्कनीत गेला, बराच वेळ आलाच नाही. तुम्ही खोडलं नाहीत ह्याबद्दल आभार.

शाळेचं कुणी सांगाल का? मुलगी आत्ता इंग्रजी माध्यमात आहे पण मला सेमी चालेल, उलट बरंच वाटेल. आणि शाळेतपण सगळ्या घरातली मुलं हवीत.

खडू_डस्टर:
मी प्राथमिक शिक्षिका. सेमीला इथं भरपूर शाळा आहेत, त्याची काळजी नको. आणि महापालिकेची शाळा म्हटलं की नाक मुरडू नका. जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत प्रवेशासाठी पालक पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात, मराठी शाळेसाठी, फुकटच्या शाळेसाठी. डॉक्टरचं पोरगं आणि भाजीवालीचं पोरगं एका बाकावर बसतं. तुमच्या मुलीला पाचवीला टेंबलाईवाडीतनं तिकडं रोज पाठवणं लांब पडेल, म्हणून तीच घ्या असं म्हणत नाही. पण जवळच्या महापालिका शाळेत एकदा जाऊन या, मधल्या सुट्टीत जा. हजेरीपट बघायला मागा, त्यावरनं शाळेत कोण कोण येतं हे दोन मिनिटात कळतं. मुलाला मात्र आत्ता बालवाडी घराजवळचीच घ्या, चालत जाता येईल अशी, चार वर्षांच्या पोराला व्हॅनमध्ये कोंबू नका, माझं कळकळीचं सांगणं आहे.

पूररेषा:
भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी रजिस्टर करून घ्या. ती जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे, पण बरेच मालक नुसत्या स्टँपवर उरकतात. तुमच्यासारख्यांना तर रजिस्टर करार हवाच, उद्या कुणी मालकाचे कान भरले तर हातात कागद पाहिजे. आणि पुढं विकत घेताना गुंठेवारीच्या स्वस्त प्लॉटला भुलू नका, प्राधिकरणाचा किंवा महापालिकेचा परवाना आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. तेव्हा परत इथं विचारा, मी कागद बघून देतो.

सोनचाफा:
शनिवार-रविवार जाऊन आलो, लिहिते म्हटलं.

'नाव_नको' म्हणाल्या तसं पहिल्याच फोनवर नाव सांगितलं. अकरा फोन केले. चार ठिकाणी तिथंच संपलं, एकाने सरळ सांगितलं की माझी काही हरकत नाही पण सोसायटी नको म्हणते. वाईट वाटलं, पण मुलीसमोर वाटलं नाही, घरात बसून वाटलं, हा फरक मला खूप मोठा आहे. उरलेल्या सातातली पाच बघितली.

आर. के. नगरचं घर सगळ्यात छान होतं, हवा काय, समोर मोकळं. पण शेजारच्या काकूंना पाण्याचं विचारलं तर त्यांनी मला हाताला धरून घरात नेलं आणि भरून ठेवलेली पिंपं दाखवली, मोजली तर चौदा. काका, तुमचा भाग आवडला, पण सासूबाई आणि चार वर्षांचा पोरगा घेऊन चौदा पिंपं भरायची माझी ताकद नाही. कळंब्याला एक बघितलं, तलावाजवळ, ते नवऱ्याला आवडलं पण शिरोली लांब आणि दारावरच्या सगळ्या पाट्या एकाच तऱ्हेच्या. उचगावला एक होतं, दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं, तिथंच सोडून दिलं.

मग संध्याकाळी सहाला टेंबलाईवाडी. तुमची गल्ली नाही मिळाली ताई, तिच्या मागच्या बाजूची. दोन खोल्या, किचन, पुढं छोटी पडवी, तळमजला. घर जुनं आहे, बाथरूमचं दार फुगलंय, रंग द्यायला हवा. मालकीणबाई पंचाहत्तरीच्या, एकट्या वर राहतात. नवऱ्याने नाव सांगितलं, म्हणाला मावशी मी मुस्लिम आहे, ही हिंदू, आधीच सांगितलेलं बरं. त्या म्हणाल्या, ते फोनवर सांगितलंय एजंटनं, तुझी आई जिना चढत नाही म्हणाला ना, मग पडवीच्या पायरीला कठडा लावून घे, पैसे भाड्यातनं वळते कर. एवढं बोलून पाणी आलं का बघायला मागं गेल्या.

आम्ही बाहेर उभे होतो तेवढ्यात मुलीला समोरच्या पोरांनी लपंडावात घेतलं. घेतलं म्हणजे विचारलंच नाही, राज्य हिच्यावर आलं एकदम. वीस मिनिटांनी शोधायला गेले तर तिसऱ्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यामागं लपलेली, त्या घरच्या बाई पोळ्या लाटतायत आणि तोंडावर बोट ठेवून मला गप्प बसायची खूण करतायत.

भाडं १४ हजार, करार रजिस्टर करायला मावशी तयार आहेत, त्यांचा भाचा वकील आहे (आता सर्किट बेंच कोल्हापुरात आलं, रोज कोर्टात असतो म्हणे), तो करून देईल. हा भाचा खरा आहे.

माळावरचा:
वाचून फार बरं वाटलं. आमच्या पिंपांचं काही वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही बरोबर ठरवलंत. पावसाळा संपला की पोरांना घेऊन माळावर या, पतंग उडवायला.

बावड्याचा_पोरगा:
पोरीला हॉकीचं मी सोडणार न्हाई ताई. टेंबलाईवाडीतनं लाईन बाजार काय लांब न्हाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणा.

एमआयडीसी_शिफ्ट:
दादांना सांगा शिरोलीला पहिल्या दिवशी येताना तावडे हॉटेलपाशी सव्वासातच्या आत निघायचं, नंतर ट्रकच्या मागं अडकतो. माझी फर्स्ट असेल त्या आठवड्यात मी पण तिथनंच जातो, बरोबर जाऊ. आणि जुलै-ऑगस्टमध्ये डब्याबरोबर एक जोड कपडे कायम कंपनीत ठेवायचे.

टेंबलाई_पायथा:
मागची गल्ली म्हणजे पिंपळाच्या पाराजवळची का ओ? मावशी म्हणजे पांढरी मांजर असलेल्या? लई चांगलं माणूस. फक्त पाणी वाया घालवलेलं त्यांना खपत नाही, गाडी पाइपनं धुवू नका. ट्रक कधी येतोय? आमचे हे आणि केएमटीवाले दादा सामान उतरायला येतील, कपाट असेल तर पडवीतनं वळणार नाही, मागच्या बोळातनं घ्यावं लागतंय.

सोनचाफा:
हो, त्याच! मांजर मुलाने लगेच उचललं होतं. ट्रक २९ तारखेला रविवारी, सकाळी नऊपर्यंत पोचेल. कपाट दोन आहेत, एक लोखंडी.

नाव_नको:
मी विक्रमनगरला राहते, तुमच्यापासनं जवळच. त्या दिवशी गॅस जोडणं, भांडी काढणं ह्यात पडू नका, दुपारचं जेवण मी आणते, वरची वहिनी पण येते म्हणाली, तिला तुमचा धागा वाचून दाखवला. किती माणसं ते सांगा. आणि सासूबाईंना काय चालतं, तिखट झेपतं का, शुगर वगैरे आहे का?

सोनचाफा:
आम्ही पाच, आणि ट्रकबरोबर दोघं. अम्मींना शुगर आहे, चहा बिनसाखरेचा. तिखट चालतं, मिरजेच्या आहेत.